ठेव, लागेल

इंग्रजीतल्या ‘कीप’ ह्या क्रियापदाने एका हिवाळ्यात मला जेवढं दमवलं तेवढं बाळंतपणानेही दमवलं नव्हतं. शब्द म्हणाल तर शाळेच्या पहिल्या पुस्तकात भेटणारा, चार अक्षरांचा, दिसायला गरीब. पण शब्दकोशाचं काम ज्यांनी केलंय त्यांना माहीत असतं, अवघड शब्द कधी त्रास देत नाहीत. त्यांना बहुधा एकच अर्थ असतो, तो लिहायचा आणि पुढे जायचं. जीव खातात ते हे असले साधे, रोज उठून सगळ्यांच्या तोंडात हिंडणारे शब्द.

मी तेव्हा नोएडातल्या एका शालेय पुस्तकांच्या प्रकाशनात नोकरीला होते. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-हिंदी-मराठी असा तीन भाषांचा शब्दकोश चालला होता आणि त्यातला मराठीचा रकाना माझा होता. घर मात्र द्वारकेत, म्हणजे दिल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी ऑफिसवाल्यांची चार्टर्ड बस पकडायची, अख्खं शहर आणि वर यमुना ओलांडायची, संध्याकाळी तेच उलट. मेट्रोचे खांब तेव्हा नुसतेच उभे राहत होते. रस्ते खणलेले, धूळ नाकातोंडात. बसमध्ये बायका मटार सोलायच्या, विणायच्या, एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या. मी मांडीवर कागदाच्या चिठ्ठ्या घेऊन लोकांचं बोलणं ऐकत बसायचे.

ऐकत बसणं हा कामाचाच भाग होता. आमचे मुख्य संपादक अलाहाबादहून निवृत्त होऊन मुलाकडे राहायला आलेले प्राध्यापक होते. ऑफिसात सगळेच त्यांना सर म्हणायचे. हिंदीचा रकाना त्यांनी स्वतःकडे ठेवला होता. त्यांचा एक नियम होता. प्रत्येक अर्थाखाली जे उदाहरणाचं वाक्य यायचं ते मनाने रचायचं नाही. गेल्या आठवडाभरात आपल्या कानांनी कुणाच्या तरी तोंडून ऐकलेलं असलं पाहिजे. “गढ़ा हुआ वाक्य नहीं चाहिए,” ते म्हणायचे. “राम अच्छा लड़का है, यह आज तक किसी ने किसी से नहीं कहा.” म्हणून आम्ही दोघंही आपापल्या घरी, बसमध्ये, भाजीवाल्यापाशी कान टवकारून असायचो. एका शब्दासाठी घरातलं सगळं बोलणं गाळून पाहायचं म्हणजे जेवायला बसल्यावरही ऑफिस सुटत नाही. मला त्याचा कंटाळा यायचा, आणि तरी नियम पटायचा.

‘कीप’ आला आणि सरांनी हिंदीच्या रकान्यात ‘रखना’ लिहून पेनाला टोपण लावलं. माझं घोडं तिथेच पेंड खायला लागलं. शब्द पाळायचा, गुपित राखायचं, आशा बाळगायची, दागिने जपायचे, पोराला सांभाळायचं, नातं टिकवायचं आणि पातेलं ओट्यावर ठेवायचं. इंग्रजाला हे सगळं एका ‘कीप’मध्ये भागवता येतं आणि मला प्रत्येकाला वेगळं पान वाढायला लागतं. मी चिठ्ठी सरांपुढे ठेवली. त्यांनी चष्मा वर केला. “मॅडम, यह बच्चों की डिक्शनरी है, मराठा साम्राज्य नहीं. तीन दे दीजिए.”

मी तीन दिले. पाळणे, राखणे, ठेवणे. जपणे काढताना वाईट वाटलं. माझ्या मुलीला तो शब्द माहीतच नव्हता. ती अकरावीत होती, बालवाडीपासून दिल्लीत वाढलेली. ‘जपून जा’ म्हटलं की तिला ते देवाचं काहीतरी वाटायचं. ‘ठेवणे’सुद्धा तिने जवळजवळ सोडून दिलं होतं. “आई, मी इथेच टेबलावर रखलं होतं,” असं सरळ म्हणायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. नंतर हसू येईनासं झालं.

सरांशी माझा एकच मोठा वाद झाला, तो एका वाक्यावरून. बसच्या कंडक्टरला एका बाईने इंग्रजीत सांगितलं होतं, बॅग खाली ‘कीप’ करा. सरांनी ते लाल पेनाने उडवलं. म्हणाले, इंग्रज इथे ‘पुट’ म्हणेल, ‘कीप’ म्हणजे कायमचं ठेवणं. मी म्हटलं, दिल्ली, नोएडा, गुडगाव, सगळा एनसीआर ‘कीप’च म्हणतो, कारण आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द आहे. तुमचा ‘रखना’ काय, माझा ‘ठेवणे’ काय. इंग्रजाला वस्तू हातातून खाली ठेवतानाच ठरवावं लागतं की ही दोन मिनिटांसाठी की जन्मभरासाठी. आपण ते ठरवत बसत नाही. ठेवली की ठेवली, किती दिवस ते नंतर कळेल. सर म्हणाले, बात तो ठीक है, पर कटेगा. कापलंच त्यांनी ते.

त्या शब्दाचं मूळ काय, हे बघायला त्यांनीच मला ऑफिसातला तो जाडजूड इंग्रजी कोश दिला. मला वाटलं होतं, जर्मन, डच कुठेतरी भाऊबंद सापडतील, जसे इंग्रजीतल्या बहुतेक घरगुती शब्दांना सापडतात. सापडले नाहीत. हजारएक वर्षांपूर्वी हा शब्द अचानक लिहिण्यात दिसायला लागतो. त्याआधी बहुधा साध्या माणसांच्या बोलण्यात असावा, कुणी कागदावर घेतला नसावा. शेजारच्या एकाही भाषेत त्याचं सख्खं, चुलत कुणी नाही. मूळ अज्ञात. आणि सुरुवातीचे अर्थ वाचून मी चकित झाले. पकडणे, टपून असणे, लक्ष असणे, एखाद्या गोष्टीची ओढ असणे. सांभाळणे नंतर आलं आणि नुसतं जवळ ठेवणे त्याहूनही नंतर. म्हणजे आधी हवंसं वाटायचं, मग सांभाळायचं आणि शेवटी ते नुसतंच घरात पडून राहायचं. आमच्या ‘ठेवणे’चं मूळ ‘स्थापय’, गणपती बसवतात त्यातलं, घरंदाज. ह्या बापड्याला कूळच नाही. मला त्याच्याबद्दल थोडं ममत्व वाटायला लागलं. दिल्लीत आम्हीही तसेच होतो, मागेपुढे कुणी नाही.

आम्ही दिल्लीला आलो ते दोन वर्षांसाठी. नवऱ्याची कंपनी पुण्याची, मोटारींचे सुटे भाग बनवणारी. देशाची दारं उघडली, परदेशी मोटारवाले गुडगावच्या बाजूला यायला लागले, तेव्हा कंपनीने इथे ऑफिस थाटलं आणि बस्तान बसवून दे नि परत ये, असं सांगून ह्याला धाडलं. दोनाची चार वर्षं झाली, चाराचं एक तप होऊन गेलं. बस्तान कधीच बसलं होतं, आम्ही मात्र अजून उठायच्या तयारीत.

मला पुण्याला परत जायचं होतं. हे स्वच्छ सांगून टाकलेलं बरं, कारण त्या सगळ्या वर्षांत मला दुसरं काही हवं होतं असं आठवत नाही. लोक विचारायचे तेव्हा मी हवेचं कारण सांगायचे. इथला उन्हाळा, इथली थंडी, टँकरचं पाणी. खरं कारण सांगायला लाज वाटायची. मला हिंदीत भांडता येत नाही. मराठीत मी तिखट बाई आहे, रिक्षावाल्यापासून नणंदेपर्यंत कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. हिंदीत तोंड उघडलं की मी एकदम गरीब, समजूतदार होते. ‘भैया, ठीक से तोलिए ना’ ह्यापुढे माझी मजल जात नाही. बारा वर्षं मी एका सालस बाईचं सोंग घेऊन वावरत होते आणि लोकांना वाटायचं मी तशीच आहे. ते सोंग उतरवायला मला माझ्या गावी जायचं होतं.

नवऱ्यालाही जायचं होतं. निदान त्याचे खोके तरी तेच सांगायचे.

बदलीवर आलेल्या माणसांच्या घरी हे खोके असतात, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. टीव्हीचा खोका, मिक्सरचा, टेपरेकॉर्डरचा, काचेच्या डिनर सेटचा. आत थर्माकोल जसाच्या तसा, पिशव्यासुद्धा घडी घालून. परत जाताना वस्तू मूळच्या खोक्यातून गेली तर ओरखडा उठत नाही, हे त्यामागचं शास्त्र. आमच्या घरी हे शास्त्र धर्माला पोचलं होतं. आधी आम्ही नोएडात भाड्याने होतो. तिथून द्वारकेला यायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, चला, आता खोके कामी येतील. नवरा म्हणाला, “नाही नाही, हे पुण्यासाठीचे आहेत, इथल्या इथे कशाला खराब करायचे?” आमचा टीव्ही टेम्पोतून रजईत गुंडाळून आला, आणि त्याचा रिकामा खोका वर प्लास्टिक लावून, दोरीने बांधून, त्याच्या मागोमाग. द्वारकेच्या फ्लॅटला खोल्या दोनच, पण माळा भरपूर. तो सगळा खोक्यांनी भरला. उन्हाळ्याच्या वाळवणाला, रजयांना जागा नाही. आणि मी काही टाकायला निघाले की त्याचं एकच वाक्य असायचं, “ठेव, पुण्याला जाताना लागेल.”

मला त्या वाक्याचा राग येत नसे. उलट थोडं बरंच वाटायचं.

तर ‘कीप’च्या त्या आठवड्यात घरात नवा टीव्ही आला, मोठा, चपट्या काचेचा. जुना दुकानदाराने बदल्यात नेला. नव्याचा खोका हॉलमध्ये एवढा मोठा की मुलगी त्यात बसून पुस्तक वाचत होती. मी म्हटलं, “हा तरी टाकू या. माळ्यावर बोटभर जागा नाही.” नवरा सूचनापत्रक वाचत होता. वर न बघता म्हणाला, “ठेव, लागेल.”

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी ते चिठ्ठीवर उतरवलं. पुढे उपयोगी पडेल म्हणून ठेवणे, ह्या अर्थाला ह्याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. सरांनी वाचलं, हिंदीत ‘रख लो, काम आएगा’ लिहिलं आणि थांबले.

“वाक्य अधूरा है, मॅडम. किस काम आएगा? बच्चा पूछेगा.”

“सर, पूना जाते समय,” मी लगेच म्हटलं. “सामान बाँधने में.”

“यह उन्होंने कहा था?”

“कहते हैं ना, हमेशा कहते हैं.”

“इस हफ्ते कहा?”

मी आठवलं. या आठवड्यात नाही. म्हटलं, पहले कहते थे. सर म्हणाले, पहले का तो नियम नहीं है. जो नहीं कहा वह नहीं जुड़ेगा. आणि त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवून पुढचा शब्द घेतला.

माझं त्या दिवशी पुढे कशात लक्ष लागलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मागचं मागचं आठवत गेले. दिवाळीत जुन्या पडद्यांच्या वेळी काय म्हणाला होता? “राहू दे, लागतील.” मुलीच्या लहानपणच्या सायकलचा पंप? “असू दे.” त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, कूलर बदलला तेव्हा? पुण्याचं नाव त्या वाक्यातून गळून गेलं होतं आणि केव्हा, ते मला सांगता येईना. इतकी वर्षं मी ते वाक्य अर्धं ऐकायचे आणि उरलेलं स्वतःच भरायचे.

मग मी वाईट काम केलं. सापळे लावायला लागले. लोकरीची शाल काढली आणि म्हटलं, ही देऊन टाकू का? पुण्यात एवढी थंडी कुठे असते? म्हणाला, “ठेव, छान आहे.” त्याच्या हत्यारांच्या पेटीवरून बोलले, स्वयंपाकघरातल्या मोठ्या पातेल्यावरून बोलले. शेवटी सरळच म्हटलं, तिथे गेल्यावर आपण कोथरूडला बघू या का जागा, माझी बहीण जवळ राहील. “बघू,” म्हणाला आणि चॅनल बदललं. आठवडाभर त्याच्या तोंडात पुणे आलं नाही. माझ्या तोंडात इतकं आलं की मुलगी म्हणाली, “आई, तुला काय झालंय यार?”

रविवारी तो बाल्कनीत उन्हात बसून बुटांना पॉलिश करत होता. द्वारकेच्या हिवाळ्यात दुपारचं ऊन हीच काय ती चैन. मी शेजारी जाऊन बसले.

“तुला खरंच जायचंय का पुण्याला?”

“हे काय अचानक?”

“अचानक नाही. हो की नाही ते सांग.”

त्याने ब्रश खाली ठेवला. आम्ही एका कॉलेजातले, पहिल्यापासून अरे-तुरेतले. खोटं बोलायचं असलं की तो माझ्याकडे बघून बोलतो, हे मला ठाऊक आहे. त्या दिवशी तो बुटाकडे बघत होता.

“गेल्या वर्षी विचारलं होतं त्यांनी. पुण्याच्या ऑफिसात जागा होती. मी नको म्हणून कळवलं.”

मला नीट ऐकू आलं होतं तरी मी म्हटलं, “काय?”

“तिथे जाऊन मी काय करणार? इथे मी ऑफिस उभं केलंय. तिथे गेलो तर कुणाच्या तरी हाताखाली एका कोपऱ्यात बसवतील. आणि तिथे आता आहे कोण आपलं? आई गेली. मित्र निम्मे अमेरिकेत, उरलेले भेटले की गुडघ्यांबद्दल बोलतात.”

“मी असते ना तिथे.”

तो बुटाची नाडी ओवायला लागला.

“मला का सांगितलं नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी बांधाबांध सुरू केली असतीस.”

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, मग हे खोके कशाला ठेवलेस डोक्यावर? नवा खोकासुद्धा ठेवायला सांगितलास. तर म्हणाला, “सवय गं. आणि तुला बरं वाटायचं ना.”

आवाज ऐकून मुलगी दारात आली. “तुम्ही लोक झगडताय का? आणि मी कुठे नाही जाणार हां. माझं सगळं इधरच आहे.” बारा वर्षांत तिला कुणी विचारलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. ती काही पुण्याची नव्हतीच. तिच्यासाठी पुणे म्हणजे मे महिन्यातली दोन आठवड्यांची आमरसाची जागा.

मी उभी राहिले आणि म्हटलं, “तुम्ही दोघं राहा. मी जाते.”

हे रागात बोलले असं कुणाला वाटेल. राग होताच, पण आतून मी फार शांतपणे ठरवत होते. पुण्यातल्या बहिणीला फोन केला. ती एकटीच राहते, मुलगा सिंगापूरला. ती म्हणाली, “ये ना, मागची खोली रिकामीच आहे. काय झालंय?” मी म्हटलं, काही नाही, दमलेय. पुढचे दिवस आम्ही घरात पाहुण्यांसारखे वागलो. तो चहा करून द्यायचा, मी आभार मानल्यासारखी घ्यायचे. रात्री एकमेकांकडे पाठ करून झोपायचो. ऑफिसात ‘कीप’ संपून सर पुढच्या शब्दांवर गेले होते. माझ्या चिठ्ठीतलं ते अर्धं वाक्य तसंच अर्धं छापायला गेलं, आणि नोकरी सोडण्याचं सरांना कसं सांगायचं हे मी हिंदीत मनातल्या मनात जुळवत होते.

शनिवारी मुलीचा क्लास होता. नवरा तिला सोडायला गेला, येताना भाजी आणणार होता. घरात मी एकटी. मी शिडी लावली आणि माझं सामान भरायला माळ्यावरून एकेक खोका खाली काढला.

मिक्सरच्या खोक्यापासून सुरुवात केली. म्हटलं, ह्यात माझे काही कोश, दोन-चार चांगल्या पुस्तकांच्या प्रती बसतील. उघडला तर आत थर्माकोलला मिक्सरचा आकार. त्यात पुस्तक तिरकंही जाईना. जुन्या टीव्हीच्या खोक्यात साड्या घालून पाहिल्या. दोन्ही बाजूंना थर्माकोलचे जाड गठ्ठे, मध्ये एक निमुळती खाच. साड्या त्या खाचेत कोंबून भरायला लागले तेव्हा जरीचा काठ अडकून फाटला. डिनर सेटच्या खोक्यात बश्यांसाठी पुठ्ठ्याच्या फटी होत्या, आणि बश्यांपैकी निम्म्या केव्हाच फुटल्या होत्या. टेपरेकॉर्डर मुलीने कबाड्याला, म्हणजे भंगारवाल्याला, दिला होता. मिक्सर दुसराच होता, जुन्यापेक्षा लांबट. माळ्यावरच्या एकाही खोक्यातली वस्तू घरात धड उरली नव्हती. प्रत्येकात फक्त तिची जागा होती, आणि त्या जागेत माझं काहीच मावत नव्हतं. थर्माकोल उपसून फेकला असता तर साड्या मावल्या असत्या. तेवढं माझ्याने होईना. मी हॉलमध्ये जमिनीवर बसून राहिले. जायचं म्हणजे नुसतं जायचं नसतं. बहिणीच्या मागच्या खोलीत माझा टूथब्रश कुठे राहील, तिच्या मोलकरणीला माझा चहा कसा लागतो ते कोण सांगेल, तिथे मला कोण काम देईल, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. एकदा दोन वर्षांसाठी म्हणून मी ते सगळं केलं होतं. तेव्हा वयाने तरुण होते.

थोड्या वेळाने उठले. खोके एकमेकांवर रचले आणि लिफ्टच्या चार फेऱ्या मारून सगळे खाली पार्किंगमध्ये नेऊन ठेवले, कबाड्याला द्यायला.

समोरच्या फ्लॅटमधली भाभीजी तिथे स्कूटर लावत होती. पंजाबी, मोठ्या आवाजाची, हातातली कामं टाकून मदतीला धावणारी. तिच्या घरचं साजूक तूप आमच्याकडे, आमचे तिळाचे लाडू तिच्याकडे, असं इतकी वर्षं चालत आलेलं. आम्ही पुण्याला परत जाणार हे तिला मीच शंभर वेळा ऐकवलं होतं. तिने तो खोक्यांचा ढीग बघितला आणि हेल्मेट हातातच राहिलं.

“हाय, जा रहे हो? बताया भी नहीं! कब का टेम्पो है?”

तिचे डोळे खरंच भरून आले होते. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी बारा वर्षं थांबले होते. हो म्हणायचं, तारीख सांगायची, पत्ता द्यायचा, मिठी मारायची. सगळं मनात तयार होतं.

“नहीं भाभीजी,” मी म्हटलं. “कहीं नहीं जा रहे. यहीं हैं.”

“शुक्र है रब का,” ती म्हणाली आणि मला घट्ट धरून हलवलं. मग, ये सब फिर किसलिए निकाला, असं विचारून उत्तराची वाट न बघता जिन्याने वर गेली.

मागे नवरा उभा होता. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. गाडी लावून तो केव्हा आला मला कळलं नव्हतं. त्याने सगळं ऐकलं होतं, तोंडावरूनच दिसत होतं. इतका सुटल्यासारखा, लहान मुलासारखा चेहरा की माझा जीव आणखीच थकला.

“खरंच राहतेस?” त्याने विचारलं.

“राहते,” मी म्हटलं. “पण तुझ्यासाठी नाही, मुलीसाठीही नाही. गेल्या वर्षी विचारलं असतंस तर मी धावत गेले असते. आता माझ्यात पुन्हा नव्या गावी जायची ताकद नाही. आणि पुणं आता मला नवंच गाव आहे.”

मी त्याच्या एका हातातली पिशवी घेतली. मटार होते, सोलायला बसलं की संध्याकाळ जाईल एवढे. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो आणि मी आमच्या मजल्याचं बटण दाबलं.